अण्णांना पिवळं लागतं

वीरभद्र अण्णा कोणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागतात. पण पीत नाहीत. खिशातून काचेची चिमुकली नळी काढतात, तिच्यात पाणी घेतात, औषधाचे थेंब टाकतात आणि उजेडाकडं धरून बघत बसतात. पाणी पिवळं झालं, तर त्यात जंतू मारायची टीसीएल पावडर पडलेली आहे. नाही झालं, तर नळी घरमालकाच्या नाकासमोर येते.

"रंग दाखवा मालक, रंग!"

अण्णा आमच्या उपकेंद्राचे आरोग्य सेवक. नळदुर्ग-जळकोट रस्त्यावरून आत वळलं की लागणारी गावं त्यांच्याकडं. मी अंगणवाडीताई, आणि गावच्या आरोग्य समितीची सचिव. अण्णांनी भांडण काढायचं आणि मी निस्तरायचं, अशी आमची कामाची वाटणी.

अण्णा मूळचे सीमेपलीकडचे, कानडी मुलखातले. 'नको' म्हणायच्या जागी 'बेडा' म्हणतात. "चहा बेडा. हौद दावा." पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तिथंही त्यांनी नळी काढली आणि भर बैठकीत निकाल दिला, "मुलगी चांगली हाय, हौद खराब हाय." सोयरीक मोडली. तेव्हापासून भावकी त्यांना कार्याला बोलवत नाही. गावातल्या बायका तर अण्णा लांबून दिसले तरी दाराला कडी लावतात. घरात बायको नाही, मूलबाळ नाही. अण्णा एका खोलीत राहतात आणि आपल्याच माठाचा रंग बघतात.

यंदाच्या उन्हाळ्यात खालच्या आळीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. माणसं सलाइनवर गेली. अण्णांनी गावच्या विहिरीचं पाणी नळीत घेतलं. थेंब पडले तरी पाणी जसंच्या तसं. नियमानं विहीर बंद करायला हवी होती. आणि दुसऱ्याच दिवशी मालनबाईंच्या रेखाचं लग्न होतं. मालनबाईंचा नवरा केव्हाच गेलेला. लोकांच्या भाकऱ्या थापून त्यांनी हे लग्न उभं केलं होतं, आणि सगळा स्वयंपाक त्याच विहिरीवर होणार होता.

अंगणवाडीत समिती बसली.

"अण्णा, उद्याचा दिवस जाऊ द्या," सरपंच म्हणाले. "परवा विहीर बंद करू, बोर्ड बी लावू."

"परवा सलाइन कुणाला लावायची? नवरदेवाला?"

मालनबाई दारातच उभ्या होत्या. "येडशीहून वऱ्हाड यायलंय. त्यास्नी काय सांगू? पाणी न्हाय म्हणून?"

शेवटी मीच म्हटलं, विहीर आजच बंद. सरपंचांनी टँकर आणायचा, पिंपं भरायची, पावडर टाकून अर्धा तास थांबायचं, आणि अण्णांनी रंग बघितल्याशिवाय एक तांब्याही बुडवायचा नाही. सरपंच ठरावावर सही न करता निघाले होते. मी दारात आडवी उभी राहिले.

लग्नाच्या दिवशी टँकर उशिरा आला आणि वऱ्हाड लवकर. ऊन नुसतं भाजत होतं. पिंपांत पावडर पडली आणि अण्णा तिथंच खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. नवरदेवाचे मामा घसा खाकरत आले.

"पाहुण्याला घोटभर पाणी देईनात. ह्यांची पोरगी करून घ्यायची व्हय?"

"अर्धा तास," अण्णा म्हणाले.

मामांनी ड्रायव्हरला हाक मारली. मांडवातल्या बायका उठून उभ्या राहिल्या. तेवढ्यात टँकरवाल्यानं काहीतरी आरडाओरडा केला, अण्णा उठून तिकडं गेले आणि परत येऊन त्यांनी पहिल्या पिंपातलं पाणी नळीत घेतलं. थेंबाची बाटली उघडली. आणि हात तसाच राहिला.

थेंब पडायच्या आधीच पाणी पिवळंधमक होतं.

अण्णांनी नळी नाकाशी नेली. "हळद!"

सगळ्यांचं लक्ष मालनबाईंच्या पिवळ्या बोटांकडं गेलं. त्यांनी हात पदरात घेतला, मग बाहेर काढला.

"तुमास्नी पिवळंच पायजे हुतं न्हवं? घ्या पिवळं! माजी लेक मांडवात बसलीय, अण्णा!"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं. अण्णांनी पिंप सरळ आडवं केलं. हळदीचं पाणी मांडवभर पळालं. मामांनी बूट वाचवत उडी मारली. "गाडी काढ रे!"

मला वाटलं, मोडलं लग्न. मी पुढं झालेच होते, पण अण्णा माझ्या आधी मामांपुढं जाऊन उभे राहिले. कलेक्टरपुढंही न वाकणाऱ्या या माणसानं हात जोडले.

"पाहुणे, माझ्यावर रागवा. त्या माउलीचा दोष न्हाय. खालच्या आळीतली माणसं दवाखान्यात पडलीत. तुमच्या गाडीतनं लेकरं आलीत, ती धड घरी गेली पायजेत."

मामांच्या धोतराला धरून एक चिमुरडी पाणी मागत होती. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, पिंपाकडं पाहिलं, आणि धपकन खुर्चीत बसले.

"किती वेळ लागंल?"

"अर्धा तास."

"मघाधरनं अर्धाच तास सांगायलात की ओ!"

वेळ भरल्यावर अण्णांनी दुसऱ्या पिंपातलं पाणी नळीत घेतलं. थेंब पडले. सगळा मांडव त्या नळीकडं बघत होता, भटजीसुद्धा. पाणी सावकाश पिवळं झालं. पहिला पेला अण्णांनी त्या चिमुरडीला दिला.

लग्न लागलं, पंगती उठल्या, रेखा सासरी गेली. मी भांडी मोजून देत होते. अण्णा पालथ्या पिंपावर एकटेच बसलेले दिसले. त्यांना जेवायला बसा म्हणायचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्याही.

मालनबाई ताट आणि तांब्या घेऊन आल्या. डोळे सुजलेले.

"चुलीवर उकळून गार केलंय," त्या म्हणाल्या. "पावडर न्हाय त्यात. तुमचा रंग यायचा न्हाय."

अण्णांचा हात सवयीनं खिशाकडं गेला. तिथंच जरा थांबला. मग त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि वरून धार धरून घटाघटा रिकामा केला.

"अण्णा, रंग?" मी विचारलं.

"दिसला की, ताई." त्यांनी मिशा पुसल्या आणि तांब्या मालनबाईंपुढं केला. "आजून हाय का?"