चुलीवर काय हाय?

रखमाजीमामानं नुसतं "जागा खाली करा!" म्हटलं की लोक जागा खाली करायचे, हे सोडाच, आमच्या बोळातल्या म्हाताऱ्यांचे हलते दातसुद्धा जागा खाली करायचे. एकदा तर त्याच्या आरोळीनं आमच्या खाटेतले दोन ढेकूण बोचकं बांधून निघालेले मी स्वतः पाहिले. खोटं वाटत असेल तर ढेकणांना विचारा.

हा आम्हा बोळातल्या पोरांचा मानलेला मामा औरंगाबादच्या कोर्टात बेलीफ. म्हणजे कोर्टानं कुणाला घर सोडायला सांगितलं आणि तो हलला नाही, की वॉरंट घेऊन जायचं, माणसं आणि भांडीकुंडी बाहेर काढायची आणि ताबा मालकाच्या हाती द्यायचा. निजामाच्या अमदानीत तो नोकरीला चिकटला. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, हळूहळू कोर्टातली उर्दू गेली आणि मामाची पंचाईत झाली. सारी उमर 'बेदखल' या एका लफ्जावर काढलेली! पण हार मानेल तो मामा कसला. त्यानं मराठीतले माणसं काढायचे शब्द एकेक करून गोळा केले आणि थक्क झाला.

"आपल्या भाषेत 'या' म्हणायला येकच शब्द," तो म्हणायचा, "आन् 'जा' म्हणायला गाडीभर! लई मानी लोक हौत राव आपण."

तेव्हापासून त्याचं ब्रीद ठरलं : ज्याला त्याला त्याचा लफ्ज. उगाच पहिलवानाला गचांडी आणि म्हातारीला हकालपट्टी असला अडाणीपणा त्याला खपायचा नाही. जो जमिनीवर आडवा पडतो त्याची उचलबांगडी. तिला चार माणसं लागतात, पाचवा 'एक-दोन-तीन' म्हणायला. गचांडी फक्त दारुड्याला, कारण त्याची मान आयती सैल असते. हकालपट्टी करायची तर बघायला गर्दी पाहिजे, नाहीतर मजा नाही. हुसकायच्या त्या कोंबड्या, पिटाळायचे ते भाचे. तडीपारीचं नाव काढलं की मात्र तो नाक मुरडायचा. "तडीपार करायला नदी पायजे. आपल्या खाम नदीत पानी कुठं हाय? गुंड संध्याकाळी चप्पल हातात न घेता वापस येतो."

आणि 'बोळवण'? तो शब्द लेकीबाळींचा. त्याला कामावर हात लावायचा नाही.

एवढा जालीम माणूस, पण त्याची एक खोड सगळ्या शहराला ठाऊक होती. दारात उभं राहून वॉरंट वाचलं की तो पहिला सवाल टाकायचा, "चुलीवर काय हाय?" शिजतं भांडं असेल तर ते शिजेपर्यंत, घरातल्यांचं खाऊन होईपर्यंत मामा उंबऱ्यावर बसणार. आणि कायदा असा, की सूर्य मावळल्यावर बेलिफाला कुणाच्या घरात पाऊल टाकता येत नाही. दिवस मावळला की त्या दिवसाचं काम फुकट.

मग काय! मामा सायकलवर टांग टाकून निघाला की शहागंजच्या बाजारात शिजता न शिजणाऱ्या हुलग्यांचा भाव चढायचा. एका वस्तादानं तर पातेल्यात धोंडाच उकळायला ठेवला. मामानं झाकण काढलं, बोट बुडवून चाखलं आणि म्हणाला, "मीठ बराबर हाय. पर धोंडा तुमच्या टकुऱ्यापरीस लवकर शिजंल. उचला रं ह्येला!" उचलबांगडी झाली. धोंड्याचीही झाली.

मामाला बायको नव्हती. बेलिफाला मुलगी कोण देणार? तो स्थळ बघायला गेला की लोक आधी भांडी लपवायचे.

असा हा मामा, आमच्या शेजारचा, एका गुरुवारी दुपारी आमच्याच दारात वॉरंट घेऊन उभा राहिला.

आमचा खटला वडील हरले होते. गारखेड्यात, तेव्हा ते गावाबाहेरचं खेडंच, एक खोली ठरली होती. पण ती रिकामी होणार सोमवारी. आणि घरात बाळंतीण. माझी बहीण कुसुम, शेजारी नऊ दिवसांचं बाळ. चार दिवस त्या दोघांना घेऊन कुठं बसायचं? घरमालक तर चार हमाल घेऊन ओट्यावर हजर.

मामानं वॉरंट वाचलं. बोळातली झाडून सगळी माणसं कान टवकारून उभी, आमच्या वाट्याला कोणता लफ्ज येतो ते ऐकायला. मामानं वडिलांकडं बघितलं, बाळाकडं बघितलं. "तुमाला आता..." म्हणाला आणि अडकला. गाडीभर शब्दांचा धनी, पण एक सुचेना. शेवटी खाकरून म्हणाला, "चुलीवर काय हाय?"

"हरभरे," आई म्हणाली. "आत्ताच टाकलेत. भिजवायचे राहूनच गेले बघा."

मामा उंबऱ्यावर बसला. मालक ओरडला, "अहो बेलीफ, हे सोंग आहे! हमालांना सांगा पातेलं उतरवायला!"

"उतरवितो की," मामा म्हणाला. "बाळंतिनीच्या पायावर सांडलं तर जिम्मेदार तुमी, असं लिवून द्या."

मालक परत ओट्यावर टेकला. पण आमचं नशीब असं, की एरवी दाताला दाद न देणारे हरभरे त्या दिवशी शाळेत पहिला नंबर काढायला निघाल्यासारखे भराभर शिजू लागले. चार वाजता वास सुटला. आईचा चेहरा उतरला. मालक उठून धोतर झटकायला लागला.

तोच मामा उठला. "वयनी, बुडाला लागतंय वाटतं," म्हणाला, रांजणातून तांब्या बुडवला आणि सगळं थंडगार पाणी पातेल्यात ओतलं.

उकळत्या हरभऱ्यात गार पाणी पडलं की ते दाठरतात, मग बापजन्मी शिजत नाहीत, हे स्वयंपाकघरात पाय ठेवलेल्या कुणालाही कळतं. आईनं मामाकडं पाहिलं. मामा छताकडं बघत होता.

दिवस मावळला. मालक शिव्या देत गेला, हमाल हसत गेले. मामानं कागदाची घडी केली.

"रखमाजीभाऊ, बसा," आई म्हणाली आणि तिनं त्याच्यापुढं ताट ठेवलं. भाकरी आणि ते गारगोट्यांसारखे हरभरे.

मामा ताटाकडं बघतच राहिला. "लोकांच्या चुलीम्होरं उमर गेली वयनी," म्हणाला. "वास घेतला. वाढलं कुनीच नाय. त्यांचं बी बराबर हाय म्हना."

तो कडाकडा चावत जेवला. मधेच म्हणाला, "आमी धनगर. सोयगावाकडं येकाच्या वावरात ऱ्हायचो, झोपडं घालून. त्याची मानसं आली तवा माय भाकर टाकीत व्हती. तव्यावरली भाकर बी उतरू दिली नाय. पुढं दोन दिवस मेंढरांमागं चालत व्हती, आन् तिचं येकच : 'भाकर जळली असंल रं.'"

मामानं ताट बोटानं पुसून घेतलं आणि एकदम बेलिफाच्या आवाजात गरजला, "उद्या साडेदहाला येतो! सामान बांधून ठिवा!" बाळ दचकून रडायला लागलं, शेजारच्या आजोबांचा एक दात गेला.

शुक्रवारी आईनं वाटाणे टाकले, तोही दिवस मावळला. रविवारी कोर्ट बंद आणि सोमवारी गारखेड्याची खोली. म्हणजे प्रश्न उरला शनिवारचा, आणि डबे तर रिकामे.

शनिवारी साडेदहाला मामाची सायकल दारात वाजली. त्यानं खिशातून वॉरंट काढून मोठ्यानं वाचलं. मग पिशवीत हात घातला, हुलग्यांची पुडी काढून आईच्या हातात दिली. "जुनं हायत. सांजंपत्तुर हलायचं नायत."

आणि पिशवीतून आणखी एक वस्तू काढून उंबऱ्यावर, आपल्या जागेशेजारी ठेवली. स्वतःची थाळी.