गड्डम सरांची पब्लिक

गड्डम सरांनी तिकीट पन्नासचं पंचावन्न केलं, त्या दिवशी त्यांना दुपारचं जेवण गेलं नाही. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "पाच रुपये वाढवलो, जाधव. पब्लिक काय म्हणंल?"

पब्लिक काहीच म्हणणार नव्हती, कारण ती नव्हतीच. सर मोबाइलवर कबड्डीचा संघ चालवायचा गेम खेळतात. त्यात आपण खेळायचं काही नसतं. खेळाडू घ्यायचे, तिकिटाचा दर ठरवायचा, स्टेडियम वाढवायचं. मॅच आपोआप होते, आपल्याला नुसते आकडे कळतात. पेच एवढाच, की तिकीट महाग केलं तर लोक येत नाहीत आणि स्वस्त ठेवलं तर नव्या खुर्च्यांना पैसे उरत नाहीत. शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेले सर चार वर्षं या पेचात आहेत. शुक्रवार पेठेत आमच्या समोर राहतात. बायको तीन वर्षांपूर्वी गेली, मुलगी हैदराबादला असते.

"पब्लिक नाराज नको," हे त्यांचं पालुपद. पूर्वेकडचा स्टँड वाढवायला काढला, तेव्हा तिथल्या खुर्च्या तीन आठवडे बंद होत्या. नेहमी तिथं बसणारी माणसं आता कुठं बसत असतील, याची सरांना काळजी लागली.

मी म्हटलं, "सर, ती माणसं नाहीत, आकडा आहे."

"आकडा म्हणून उन्हात बसवायचं व्हय?"

स्टेडियममध्ये बायकांसाठी स्वच्छतागृह दिसत नाही, असं एक इंग्रजी पत्र त्यांनी माझ्याकडून टाइप करून घेतलं आणि गेमवाल्या कंपनीला पाठवलं. उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी त्यांनी आठवण करून देणारं दुसरं पत्र पाठवलं.

मागच्या उन्हाळ्यात सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवस मोबाइल बघायला मनाई. त्यांनी पासवर्ड कागदावर लिहून माझ्या हातात दिला. "संघाची रोजची प्रॅक्टिस चुकवू नको. तिकिटाला हात लावू नको."

मी हात लावला. स्टेडियम दर वेळी भरलेलं दिसत होतं, म्हणून सरळ दोनशे रुपये केले. दोन मॅचमध्ये पश्चिमेच्या छपराचे पैसे जमले. मोठ्या ऐटीत सरांना सांगायला गेलो. काळा चष्मा लावून ते खाटेवर बसले होते.

"छप्पर होतंय, सर."

"आले किती?"

"चार हजार."

एरवी अकरा हजार यायचे. सर रागावले नाहीत. चादरीची सुरकुती सारखी करत बसले.

"हितं कोण येतंय, जाधव?" सर म्हणाले. "दूधवाला येतो, तो बी पिशवी कडीला अडकवून जातो. मॅच संपली की तितं मोबाइलवर येतंय, आज अकरा हजार लोक आले. ही होती तवा मी हिला मोठ्यानं वाचून दाखवायचो. ती म्हणायची, एवढ्यांना चहा कोण करणार? आता मनातच वाचतो. तरी बरं वाटतंय."

मी तिथंच बसून तिकीट पुन्हा पंचावन्न केलं.

रविवारी संध्याकाळी पाचची मॅच होती. दुकान बंद करून बायकोला घेऊन सरांकडे गेलो. येतो म्हणून सकाळीच सांगितलं होतं. सरांनी भिंतीला लावून ठेवलेल्या दोन लोखंडी खुर्च्या उघडून मांडल्या होत्या, ताटलीत शेंगाचटणी आणि कडक भाकरी काढून ठेवली होती. बघण्यासारखं काही नव्हतंच. आम्ही तिघं वीस मिनिटं मोबाइलभोवती बसून राहिलो. संघ दोन गुणांनी हरला. त्याबद्दल सरांनी काही विचारलं नाही.

मग आकडा आला. माझ्या बायकोनं तो मोठ्यानं वाचला, "आज सहा हजार तीनशे लोक आले."

सरांनी मान हलवली. म्हणाले, "परत एकदा वाचा की, ताई."

तिनं परत वाचला.