शिंत्र्यांचं कपाट अमेरिकेहून येतं

“शिंत्र्यांचं कपाट अमेरिकेतल्या फुटबॉलमधून निवृत्त झालं म्हणे, आणि त्याच्या आतलं सगळं तिकडंच...” जिन्यात एवढं कानावर पडलं आणि तळमजल्यावर कुणाचा तरी मिक्सर सुरू झाला. कुंदाताई मोहिते दोन पायऱ्या उतरून थांबल्या. मिक्सर बंद झाला तोवर बोलणाऱ्या बायका कोथिंबिरीवर गेल्या होत्या.

कपाट निवृत्त झालं यात नवल नव्हतं. नऊ हंगाम खेळलं, त्या खेळात ते पुष्कळ झाले. तिकडं फुटबॉल हातात घेऊन पळतात. चेंडू लांबट, सोललेल्या नारळासारखा. तो घेऊन येणाऱ्याला पुढं जाऊ द्यायचं नाही, हे बचावाच्या पहिल्या रांगेचं काम. शिंत्र्यांकडं रंगकाम निघालं तेव्हा चार हमालांना हे लोखंडी कपाट तसूभर हललं नव्हतं. चहाला आलेल्या एका अमेरिकन पाहुण्यानं ते पाहिलं आणि तिथंच करार काढला. व्हिसाच्या अर्जात ‘व्यवसाय’ या शब्दापुढं हेमावहिनी शिंत्र्यांनी ‘आडवे येणे’ असं लिहिलं. अर्ज मंजूर झाला.

कुंदाताईंना घोर होता तो वेगळाच. घरात उंदीर झाले म्हणून त्यांनी आपल्या आईची पैठणी त्या कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवायला दिली होती, आणि विमानाच्या घाईत ती तशीच गेली. आता रविवारी लेकीचं, तेजूचं लग्न. नेसेन तर आजीचीच, म्हणून पोरगी हटून बसलेली.

शुक्रवारी कपाट आलं. कुंदाताई नारळ घेऊन भेटायला गेल्या. दारात पाऊल टाकलं, आणि दुसऱ्या क्षणी त्या सोफ्यावर होत्या. नारळ कपाटाखाली.

“माफ करा काकू, लागलं का?” कपाट म्हणालं. “असं काही हातात दिसलं की राहवत नाही.”

“असू दे. पण बारीक झालंस की.”

“गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मधला कप्पा काढला. आमच्या काकांचे स्वेटर तिकडंच राहिले.”

“ते बरंच झालं,” हेमावहिनी आतून म्हणाल्या.

“आणि लॉकर?” कुंदाताईंनी विचारलं.

कपाट जरा दुखावलं. “नऊ वर्षांत शेकडो माणसं अंगावर आली काकू. लॉकरपर्यंत एक पोचला नाही.”

हेमावहिनींनी किल्ली फिरवली. पैठणी होती. डांबराच्या गोळ्यांचा वास मारत होता, पण मोर जिथल्या तिथं. कुंदाताईंनी ती घडी काखेत मारली आणि वळल्या. दारात कपाट उभं.

“अरे, माझीच आहे ती.”

“माहीत आहे. पण काखेत काही घेऊन निघालेल्याला मी जाऊ देऊ शकत नाही.”

“गॅलरीतून खाली टाका,” हेमावहिनी म्हणाल्या.

“फेकलेलं अडवायला तर मला फार आवडतं,” कपाट नम्रपणे म्हणालं.

कुंदाताईंनी थोडा विचार केला आणि तेजूला हाक मारली. तेजू वर आली, आतल्या खोलीत गेली, आणि अर्ध्या तासानं पैठणी नेसून दारापाशी उभी राहिली. कपाटानं तिचे दोन्ही हात नीट पाहिले. रिकामे होते. ते करकरत बाजूला झालं.

“जा बाळ. पदर सांभाळ, उंबऱ्याला खिळा आहे.”

जिन्यात बायका होत्याच. “कपाटातलं सगळं तिकडंच राहिलं म्हणे?”

“एकच कप्पा,” कुंदाताई म्हणाल्या. नारळ आणायला त्या परत वर गेल्या नाहीत.