शृंगरावांची बंद खोली

एका जंगलात, बाळांनो, शालन नावाची एक हरिणी राहत होती. तिला ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांचं भारी वेड. तिला मागण्या पुष्कळ येत. पण आजकालचे काळवीट नुसते गवताबद्दल बोलतात, म्हणून ती सगळ्यांना नकार देई. तिला हवा होता जुन्या काळचा, दुःखी डोळ्यांचा सरदार.

जंगलात एक पडकी गढी होती. एका दुपारी शालन वाचत वाचत गढीच्या भुयारात शिरली आणि पलीकडून बाहेर पडली, ती थेट तीनशे वर्षं आधी. गढी धडधाकट होती. दारात सरदार शृंगराव उभे होते. शिंगांना पीळ, कपाळावर जखमेचा वण, आणि डोळे म्हणाल तर हवे तेवढे दुःखी.

“आम्ही तुमचीच वाट पाहत होतो,” ते म्हणाले.

शालननं तिथल्या तिथं होकार दिला. लग्न दुसऱ्याच दिवशीचं ठरलं.

गढीत दिवसाही अंधार असे. वरच्या मजल्यावर एक बंद खोली होती. तिच्यातून हुंदके ऐकू येत. खोलीचं नाव काढलं की नोकरचाकर माना खाली घालत. शृंगरावांनी शालनला तिकडं फिरकायची मनाई केली, सुस्कारा सोडला आणि आपल्या एका लढाईची हकीकत सांगितली. शालनला रडू आलं. इतकं सुख तिला कधी झालं नव्हतं.

जेवताना त्यांनी तीच लढाई सांगितली. जेवण झाल्यावरही तीच. सकाळी मुंडावळ्या बांधता बांधता त्यांनी पुन्हा पहिल्या तुतारीपासून सुरुवात केली.

तेव्हा शालन उठली, वर गेली आणि तिनं खुरानं दार वाजवलं.

“शृंगराव असाल तर मी मेलेय,” आतून आवाज आला.

शालननं आपण कोण ते सांगितलं. कडी निघाली. बाळांनो, कडी आतून होती. खोलीत सरदारांच्या पहिल्या पत्नी भागीरथीबाई होत्या, चांगल्या धष्टपुष्ट. त्या म्हणाल्या, मला कुणी कोंडलेलं नाही, मीच येऊन बसले. हुंदके काढले की सरदार जिना चढत नाहीत, फार हळवे आहेत.

आमच्या काळात मुली असल्या सरदारांसाठी उशा भिजवतात, असं शालननं सांगितल्यावर भागीरथीबाई इतक्या हसल्या, की त्यांना खाली बसावं लागलं.

तेवढ्यात सनई सुरू झाली. शृंगराव नवरीला शोधत जिन्याशी आले. सापडली असती, तर जन्मभर तीच लढाई. शालननं झटकन कडी लावली.

“तुम्हाला वरचा सूर जमेल?” भागीरथीबाईंनी विचारलं.

मग दोघींनी मिळून असा हंबरडा फोडला, की शृंगराव, भटजी आणि सनईवाले एकाच दारातून बाहेर पळाले. दोघी सावकाश खाली उतरल्या. त्यांनी लग्नाचे लाडू खाल्ले आणि भुयारातून शालनच्या काळात, तिच्या जंगलात आल्या.

भागीरथीबाई आता नदीकाठी मोकळ्यावर राहतात. शालन रोज संध्याकाळी त्यांच्याकडं जाते. दोघी तासन्‌तास गप्प बसतात आणि फार मजा करतात.

तात्पर्य: बंद खोलीतून हुंदके ऐकू आले, तर मुलींनो, आतल्या बाईला सोडवायला धावू नये. आधी दार वाजवावं आणि आत आणखी एकीला जागा आहे का, ते विचारावं.