टिकलीची परीक्षा

“तपासनीचं टेन्शन कोनी घेऊच नका! ते माझ्यावर सोडा!”

तांड्याच्या मधल्या लिंबाखाली बसून सेवालाल नाईकांनी मिशीला पीळ देत हे जाहीर केलं, आणि मंडळी, तिथूनच सगळा घोटाळा सुरू झाला.

आता सेवालाल नाईक म्हणजे कोण? मानोऱ्याच्या अलीकडे, रस्ता सोडून आत शिरलं की त्यांचा तांडा लागतो. नाईकपण, म्हणजे तांड्याचं पुढारपण, त्यांना वडिलांकडून मिळालं होतं, मिशा मात्र स्वतःच्या कमाईच्या! उभा जन्म त्यांनी शाळेत शिपाई म्हणून काढला. हेडमास्तर नुसते सहीपुरते, शाळा खरी आपणच चालवत होतो, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. साहेब तपासणीला येणार म्हटलं की नाईक पोरांच्या डोक्यावर तेल थापायचे, रांगा लावायचे, हाताच्या घड्या घालायला लावायचे. साहेब यायचे, चहा प्यायचे, “वा, काय शिस्त आहे!” म्हणायचे आणि जायचे. हुशारी म्हणजे काय, हे नाईकांना तेव्हापासून पक्कं ठाऊक होतं. जे पोर सगळ्यात कमी हलतं, ते सगळ्यात हुशार!

या खेपेची तपासणी मात्र वेगळी होती. मानोऱ्याला हुशार पोरांसाठी एक ‘जिज्ञासाघर’ उघडलं होतं. तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं, सकाळी गावच्या शाळेत जायचं आणि उरलेला वेळ पुस्तकं, अवजारं, प्रयोग यांच्यात डोकं घालून बसायचं. तिथल्या नाजिया मॅडम गावोगावी, तांड्या-तांड्यांवर फिरून स्वतः पोरं निवडत होत्या.

आणि नाईकांना आपल्या नातीचा, सुकेशनीचा, नंबर तिथं लावायचाच होता. कारण दिवाळी झाली की त्यांचा मुलगा धनराज आणि सून ऊसतोडीला जाणार. फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात, तान्ह्या नातवाला सांभाळायला कोणीतरी हवंच. नंबर लागला तर पोरीच्या राहण्या-जेवणाची सोय झाली, मग आजी, म्हणजे रामीबाई, सोबत जाणार. नाही लागला तर नुसत्या नाईकांच्या भरवशावर पोरीला मागं कोण ठेवणार? मग सुकेशनीच जाणार, आणि तिची शाळा बसली घरी! रामीबाईनं निक्षून सांगितलं होतं, “पोरगी फडावर गेली तं मी तुमाले जन्मभर भाकर थापून देनार नाही!” आता एवढ्या मोठ्या धमकीपुढं कोणता नवरा गप्प बसेल?

पण पोरगी अशी की बस्स! तिच्या तोंडाला प्रश्नांचा नळ लावलेला आणि तोटी तुटलेली. नाईक तांड्यातल्या पोरांना हाताची घडी शिकवत होते, तर ही आजोबांनाच म्हणते, “दादा, हाताची घडी घातली की डोक्स जास्त चालते काय?”

“चूप!”

“मंग तुमी इचार करता तवा मिशी काहून ओढता? घडी काहून नाही घालत?”

नाईकांचा हात मिशीवरच होता. तो त्यांनी खाली घेतला.

“हे पाय सुकेशनी, मॅडम आल्यावर तोंड उघडाचं नाही. कायले हात लावाचा नाही. मी ‘बोल’ म्हनीन तवाच बोलाचं. घे टिकलीची शपथ!”

टिकली म्हणजे सुकेशनीची बकरी. काळीभोर, कपाळावर तेवढा पांढरा ठिपका. पोरीनं तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. टिकली रवंथ करत नाईकांकडे बघत राहिली.

त्यातच तांड्यात एक चोर सुटला होता! चोरही कसा? घराची कडी काढून आत जायचा, भाकरी खायचा, शेंगा खायचा आणि पसार! पैशाला हात नाही, चांदीला हात नाही. शेजारच्या सोमलाच्या घरी तर त्यानं पेटीची कडी काढून सासरहून आलेले लाडू फस्त केले. आधी सगळ्यांना सोमलाचाच संशय होता, कारण जेवणाच्या वेळेला तो कोणाच्याही दारात हमखास उभा असायचा. आता त्याचेच लाडू गेल्यावर तो चवताळला.

“नाईक, साऱ्या तांड्यात चोरी झाली. तुमच्या घरून काहून काही जात नाही?”

हे नाईकांना फारच झोंबलं! त्यांनी तिथल्या तिथं पंचायत भरवली आणि दंड ठोकला. “चोर ज्याच्या घरचा निघन, त्यानं साऱ्या तांड्याले बोकड कापून जेवन द्याव! मंग ते घर नाईकाचं का असेना!”

“अन् घरी बोकड नसला तं?” सोमलानं विचारलं.

“तं बकरी!” नाईक गरजले. शब्द तोंडातून गेला, साऱ्या तांड्यानं ऐकला.

मॅडमचा दिवस उजाडला. तांडा झाडून लख्ख! “एक बकरी दिसली नाही पायजे!” असा नाईकांचा हुकूम, म्हणून तांड्यातल्या झाडून साऱ्या बकऱ्या घराघरांत कोंडल्या आणि बाहेरून कड्या लावल्या. लिंबाखाली सतरंजी टाकली. पोरं रांगेत बसली. तेल इतकं थापलं होतं की कपाळावरून ओघळून कानात जात होतं. हाताच्या घड्या. नजर समोर. एका पोराच्या नाकावर माशी बसली, पण पठ्ठ्यानं हलवलं नाही नाक! नाईकांचा ऊर भरून आला.

नाजिया मॅडम गाडीतून उतरल्या, सतरंजीवर बसल्या आणि पिशवीतून एक लाकडी डबा काढून मधोमध ठेवला. डब्याला वर कडी, बाजूला सरकती खिट्टी आणि पुढून एक दोरी. आत शेंगदाण्याची चिक्की.

“हा तुमचा डबा,” मॅडम हसून म्हणाल्या. “याचं काय करायचं ते तुम्ही करा.”

पोरं हललीच नाहीत!

“अरे, घ्या ना! उघडून बघा.”

सगळ्या पोरांनी एका सुरात, नाईकांनी घोटून घेतलं तसं, म्हटलं, “मॅडम, आमी परवानगीशिवाय कायलेच हात लावत नाही!”

“मी देते ना परवानगी!”

पोरांनी नाईकांकडे पाहिलं. नाईकांना वाटलं, ही मॅडमची युक्ती आहे! शिस्त कच्ची की पक्की ते बघून राह्यली! त्यांनी डोळे वटारले. पोरं आणखी ताठ झाली. सुकेशनीची बोटं मात्र घडीच्या आत वळवळत होती. डब्याकडे बघून बघून तिचे डोळे बाहेर यायचे बाकी होते. तिनं ओठ गच्च मिटून घेतले, कारण टिकलीची शपथ होती.

मॅडमनी थोडा वेळ वाट पाहिली. “बेटा, तुम्हाला काही विचारायचं आहे का?”

“नाही मॅडम!” पुन्हा एक सूर.

मॅडमचं हसू हळूहळू मावळलं. “ठीक आहे,” त्या उठत म्हणाल्या, “पोरं गुणी आहेत, नाईक. पण मला इथं कोणाला निवडावं तेच कळत नाही. मी पुढं इंझोरीला जाऊन बघते.”

नाईकांच्या पायाखालची जमीन सरकली! तपासणी इतकी झकास झाली आणि ही बाई निघाली? चहासुद्धा न घेता? पलीकडे रामीबाईनं पदराचा बोळा तोंडाला लावला. सुकेशनीच्या गालावरून पाणी ओघळलं, पण घडी सुटली नाही.

आणि त्याच क्षणाला नाईकांच्या घराकडून आवाज आला. खट्ट!

फटीतून आलेल्या नाकानं बाहेरची कडी खाली पाडली होती. दाराच्या फटीतून आधी तोंड बाहेर आलं, मग पांढरा ठिपका, मग सबंध टिकली! ती तुरूतुरू चालत थेट सतरंजीवर आली, डब्याला तिनं नाक लावलं, आणि... मंडळी, शपथेवर सांगतो, तिनं नाकानं कडी वर उचलली, दातांनी खिट्टी ओढली आणि दोरी तोंडात धरून दिला एक हिसका! झाकण उघडलं. टिकलीनं चिक्की खाल्ली. वरचा कागदही खाल्ला!

“या अल्लाह!” मॅडम मटकन खाली बसल्या.

तांडा गार! आणि मग सोमला असा ओरडला की लिंबावरचे कावळे उडाले. “सापडला! चोर सापडला! माह्या लाडवाच्या पेटीले अशीच कडी हाय! नाईक, तुमच्या घरचा चोर हाय! काढा जेवन!”

नाईकांचा चेहरा पांढराफटक! मिशा खाली आल्या. “कोनाची बकरी हाय कोन जाने,” ते पुटपुटले, “रानातून आली असन...”

टिकलीनं जवळ येऊन त्यांच्या धोतराला प्रेमानं डोकं घासलं.

मॅडम मात्र सोमलाकडे बघतही नव्हत्या. त्यांचे डोळे लकाकत होते. “हे बकरी आपोआप शिकत नाही! हिला कोणी शिकवलं? सांगा ना, कोणी?”

सुकेशनीनं फक्त आजोबांकडे पाहिलं. डोळे डबडबलेले, ओठ घट्ट मिटलेले, हाताची घडी जशीच्या तशी.

आणि नाईकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ‘बोल’ म्हणावं, तर चोर आपल्याच घरचा ठरतो, सगळ्यांदेखत नाक कापलं जातं, वर बकरी जाते! गप्प बसावं, तर पोरगी जाते उसाच्या फडावर! नाईकांनी मिशी ओढली. पुन्हा ओढली. मग त्यांचा आवाज एकदम फाटला. “बोल माय! तुले वाटन तेवढं बोल!”

तोटी तुटलेला नळ सुटला! “मॅडम, मीच शिकोलं! मले पाह्यचं होतं का बकरी आपल्या मनानं शिकते का दुसऱ्याचं पाहून शिकते! आधी नुसती कडी शिकोली. जमलं की भाकर. मंग खिट्टी. मंग शेंगा ठेवल्या की लवकर शिके, भाकर ठेवली की उशिरानं! अन् लाडू ठेवले की एका झटक्यात!”

“माहे लाडू!” सोमला कळवळला.

“काका, ते चोरी नव्हती, तो धडा होता! आपल्या घरी दादा ओरडतात म्हनून धडे बाहेर घेतले.”

“मग काय कळलं तुला?” मॅडम पार पुढं सरकल्या होत्या.

“पाहून शिकते मॅडम! टिकलीचं पाहून सोमलाकाकाची बकरी शिकली. मी तिले एक दिवस बी शिकोलं नाही! अन् तिचं पाहून बाकीच्या शिकून राह्यल्या!”

“बाकीच्या?” नाईकांनी घाबरून विचारलं. “कोनत्या बाकीच्या?”

खट्ट! हा आवाज सोमलाच्या घराकडून आला. खट्ट! पलीकडून. खट्ट, खट्ट, खट्ट! साऱ्या तांड्याच्या कड्या पडायला लागल्या! दारादारांतून बकऱ्या निघाल्या आणि वरात आल्यासारख्या लिंबाखाली जमल्या. हाताच्या घड्या मोडून पोरं सैरावैरा पळाली, कोणी डब्यावर पडलं, कोणी बकरीवर! “हे खिट्टी आत कशी बसते?” “दोरी कुठून येते?” एकच गलका! सोमलाच्या बकरीनं तर मॅडमच्या पिशवीची चेन ओढून त्यांचा जेवणाचा डबाच काढला आणि सोमलाच्या डोळ्यांदेखत पराठा खाल्ला.

रामीबाई कमरेवर हात ठेवून पुढं झाली. “काय हो सोमला भाऊ? कोनाच्या घरचा चोर म्हनत होते तुमी?”

सोमलानं आपल्या बकरीकडे पाहिलं. मग इतरांच्या. मग तो खाकरला. “जाऊ द्या नाईक. या हिशोबानं दंड घेतला तं तांड्यात एक बकरी उरनार नाही.”

पंचायतीनं एवढ्या झटपट एकमतानं निकाल आजवर दिला नव्हता! नाईकांनी सर्वांदेखत सोमलाची माफी मागितली, सोमलानं ती दिली आणि लगेच विचारलं, “सैपाक झाला असन नं तुमच्या घरी?”

मॅडमनी सुकेशनीला जवळ घेतलं. “हिला दिवाळी झाली की पाठवून द्या, नाईक. आणि त्या दोन पोरांनाही, ज्यांनी डबा अख्खा खोलून ठेवलाय. फक्त एक विनंती.” त्यांनी टिकलीकडे भीत भीत पाहिलं. “बकरी आणू नका. माझ्या ऑफिसलाही कडीच आहे!”

दिवाळी झाली. ऊसतोडीचा ट्रक निघाला तेव्हा त्यात रामीबाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. सुकेशनी गेली मानोऱ्याला. ट्रक गेल्यावर नाईक बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले, आणि डोळ्यांत काय गेलं म्हणून कोणी विचारलं, तर धूळ म्हणाले.

आता ते एकटे स्वतः भाकरी थापतात. गोल एकही येत नाही, पण जी येते ती जिवापाड जपतात. त्यासाठी त्यांनी मानोऱ्याच्या बाजारातून भक्कम कुलूप आणलं, पेटीला लावलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. टिकली त्या कुलपाला रोज नाक लावायची आणि हिरमुसून परत जायची. “ये न! आता ये न!” नाईक मिशीला पीळ देऊन तिला चिडवायचे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणत्याही तपासणीची भीती उरली नव्हती.

पहिल्याच सुट्टीला सुकेशनी घरी आली. उंबऱ्यात पाऊल टाकलं नाही तोच म्हणाली, “दादा, टिकली कुठी हाय? मॅडमनं मले नवीन प्रयोग देल्ला!”

“कायचा?” नाईकांनी कौतुकानं विचारलं.

पोरीनं पिशवीत हात घातला आणि एक मोठं कुलूप बाहेर काढलं.

नाईकांनी करगोट्याची किल्ली सोडली. त्यांनी पेटी उघडली, उरलेल्या तिन्ही भाकरी काढल्या आणि तिथंच उभ्या उभ्या खाऊन टाकल्या!