गाडीला कोणाचा हात लागलेला नाही

"गाडीला बाहेरचा हात लागल्याचं आढळलं, तर वॉरंटी रद्द," तपासनीसांनी चहा पिता पिता पुस्तिकेतलं वाक्य मोठ्याने वाचलं आणि समाधानाने मान डोलावली. "बघा, किती सुंदर लिहिलंय. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

टेबलाभोवतीच्या बाकी तिघांना त्या वाक्यातलं सौंदर्य काही दिसलं नाही. तपासनीसांच्या आईंचा घास तोंडातच राहिला. सासऱ्यांनी आत्ताच पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला. आणि बायकोने रिकाम्या कपात चमचा ढवळायला सुरुवात केली.

तपासनीस हे त्यांचं आडनाव नव्हे. ते एका कार्यालयात लोकांचे अर्ज तपासत, आणि ज्या दिवशी एखाद्या अर्जात त्रुटी सापडली नाही त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे. बायको पडदे आणि उशा शिवायची, तिच्या हातच्या शिवणीला गिऱ्हाईक लांबून यायचं, पण सगळी गल्ली तिला तपासनीसबाई म्हणूनच ओळखायची. कार्यालयातली सवय घरीही सुटत नव्हती, आणि बाईंच्या नावावर तर एक कायमची त्रुटी जमा होती. गाडीची दुसरी चावी. गाडी नवीन आली त्याच आठवड्यात ती चावी हरवली. बाईंनी सगळं घर पालथं घातलं, कापडाचा एकेक तागा झटकला, पण चावी नाही म्हणजे नाहीच. तेव्हापासून दूध उतू गेलं तरी तपासनीस म्हणत, "जिला एक चावी सांभाळता आली नाही, ती दूध काय सांभाळणार?"

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाच्या हाती दुसरी त्रुटी द्यायची म्हणजे उरलेला जन्म ऐकत बसायचं. आणि बाई रिकामा कप ढवळत होत्या त्या त्यासाठीच.

"आज वॉरंटीचा शेवटचा दिवस," तपासनीस सांगत होते. "मागून तो टुकटुक आवाज येतो ना, तो आजच्या आज कंपनीच्या गळ्यात मारायचा. ऑइल आपण वेळेवर बदललं, सर्व्हिसिंग एकही चुकवली नाही, आणि आपल्या गाडीला कोणाचा हात लागलेला नाही. कंपनीची काय बिशाद आहे नाही म्हणायची."

"मी येते बरोबर," बाई घाईने म्हणाल्या.

"मी पण येतो," बाबा, म्हणजे बाईंचे वडील, उठून उभेच राहिले.

"आणि मला काय घरी कोंडून ठेवणार?" सासूबाईंनी, म्हणजे तपासनीसांच्या आईंनी, पदर खोचला.

तपासनीसांना भरून आलं. गाडीसाठी सगळं घर एक झालेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, घसा कोरडा पडलाय. समोरच्या दुकानातून पाण्याची बाटली आणता का?"

तपासनीस रस्ता ओलांडून गेले मात्र, बाईंनी पर्समधली कात्री काढली आणि उतरून त्या गाडीच्या मागे धावल्या. डिकी उघडली. खाली बघतात तर बंपरखालून दोन पाय बाहेर आलेले, आणि पाय ओळखीचे.

"बाबा, तुम्ही खाली काय करताय?"

"तू वर काय करतेस ते आधी सांग."

लपवण्यात काही अर्थ नव्हता. त्या आवाजापेक्षा आवाजावरची नवऱ्याची भुणभुण असह्य झाली, तेव्हा बाईंनी एका दुपारी डिकीचं अस्तर उसवलं होतं, आत उशीचा फोम कोंबला होता आणि बाकदार सुईने टाके घालून टाकले होते. टाके इतके बारीक की बसवणाऱ्यालाही कळू नयेत.

"आणि तुम्ही?"

"मी काय, किरकोळ," बाबा खालून म्हणाले. आयुष्यभर कारखान्यात लेथ चालवलेला माणूस, हात स्वस्थ बसत नव्हते. "बंपरच्या फटीत रबराचे तुकडे ठोकले आणि वर तार आवळली. जुनी चप्पल फुकट जात होती."

"कोणाची चप्पल?"

"जावईबापूंचीच. शोधून शोधून घर डोक्यावर घेतलं होतं ना त्यांनी."

बाईंनी कपाळावर हात मारला आणि कात्री चालवली. तेवढ्यात मागच्या खिडकीची काच खाली झाली आणि सासूबाईंचं डोकं बाहेर आलं.

"सूनबाई, तुझं काढून झालं की माझंही काढ गं."

"आई, तुमचं काय?"

"मी कुठे काय केलं? थोडं तेल घातलं. दार कुरकुरलं की आपण तेलच घालतो ना?"

"कुठे घातलंत?"

"जिथे जिथे भोक दिसलं तिथे."

"कसलं तेल?"

"कढईतलं उरलेलं. चांगलं तेल कोण घालतंय गाडीला?"

गाडी तापली की तळणाचा वास का येतो, हे कोडं बाईंना त्या क्षणी सुटलं. तपासनीसांनी तो वास कंपनीला सांगायची दुसरी तक्रार म्हणून लक्षात ठेवला होता. पण तेल पुसायला वेळच उरला नाही, कारण तपासनीस बाटली घेऊन परत येत होते. बाबांनी चपलेचे तुकडे खिशात कोंबले, बाई फोम पाठीशी घेऊन सीटवर बसल्या.

"हे काय?" तपासनीस.

"उशी. कंबर धरलीय."

"मग सांगायचं नाही का आधी? हळू चालवतो."

पुढच्या स्पीडब्रेकरवर गाडी बोलली, ठक्क. तपासनीसांचा चेहरा उजळला.

"ऐकलंत? सकाळी टुक होता, आता ठक्क झाला. काय स्वच्छ आवाज आहे."

थोडं पुढे गेल्यावर सासूबाईंनी डोळे फिरवले. "थांब रे बाबा, मला मळमळतंय."

सासूबाईंनी तो प्रसंग जो उभा केला, त्याला तोड नव्हती. त्या झाडाला धरून उभ्या राहिल्या, मुलाला वारा घालायला लावला, मग पाठ चोळायला लावली, मग लहानपणी तू किती गुणी होतास हे त्याला सांगितलं. इतक्या वेळात बाबांनी स्वतःचा रुमाल आणि बाईंनी पर्समधला नॅपकिन घेऊन दिसेल ते भोक पुसून काढलं. बाबांनी त्याच रुमालाने घाम टिपला, त्यामुळे उरलेल्या प्रवासात ते फार तुकतुकीत दिसत होते.

त्यानंतरच्या स्पीडब्रेकरवर गाडीच्या मागून धाडकन असा आवाज आला की रस्त्यावरच्या लोकांनी वळून पाहिलं.

"वा," तपासनीस म्हणाले. "गाडीलासुद्धा कळतंय आज शेवटचा दिवस आहे ते."

वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर चढली. काचेच्या भिंतीमागे चौघं एका ओळीत बसले, बाईंच्या पाठीशी ती उशी होतीच. तपासनीस सर्व्हिसवाल्याला सांगत होते की वॉरंटीचे नियम लिहिणाऱ्याला त्यांना एकदा भेटायचंय. बाई मनातल्या मनात टाके मोजत होत्या. सगळे निघाले ना? एखादा दोरा राहिला असेल तर? चावी सांभाळता येत नाही आणि गाडीही शिवून ठेवते, हे वाक्य त्यांना आधीच ऐकू येत होतं.

सर्व्हिसवाला खाली जाऊन आला. त्याची मूठ बंद होती.

"साहेब, जरा अडचण आहे. मागच्या बंपरच्या आत बाहेरची वस्तू सापडली. कंपनीने बसवलेली नाही. आवाज तिचाच होता. हे वॉरंटीत नाही बसणार."

"शक्यच नाही. आमच्या गाडीला कोणाचा—" तपासनीसांनी मान वळवली.

घरच्यांची तोंडं पाहून त्यांचं वाक्य तिथेच अडकलं.

"चप्पल माझी आहे," बाबा उठले. "म्हणजे तुमचीच, पण कापली मी."

"तेल मी घातलं," सासूबाई म्हणाल्या. "पण तुझ्या भल्यासाठीच रे."

"फोम माझा," बाई म्हणाल्या आणि पाठीमागची उशी पुढे ठेवली. "तुमची भुणभुण ऐकवत नव्हती म्हणून कोंबला." एवढं बोलल्यावर त्यांना फार हलकं वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली.

तपासनीस उभे राहिले. एका दिवसात तीन त्रुटी, त्याही घरातल्या. त्यांनी घसा साफ केला, चष्मा नाकावर सारखा केला.

"पण साहेब," सर्व्हिसवाला गोंधळून म्हणाला, "यातलं काहीच सापडलं नाही. हे सापडलं."

त्याने मूठ उघडली. आत आगपेटीएवढी काळी डबी होती, एका बाजूला लोहचुंबक. झाकणावर कागदाची पट्टी चिकटवलेली, आणि तिच्यावर तपासनीसांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, हरवू नये.

बाईंनी डबी हातात घेऊन झाकण सरकवलं. आत चावी होती.

"कोणीतरी चुंबकाने आतून चिकटवली असणार," सर्व्हिसवाला सांगत होता. "मग निसटून बंपरमध्ये पडली. आता आवाज नाही येणार."

"मी... गाडी आली त्याच दिवशी," तपासनीस अगदी बारीक आवाजात म्हणाले. "कोणाला सापडू नये अशी जागा शोधली होती. मलासुद्धा आठवू नये इतकी चांगली जागा निघाली."

"जावईबापू," बाबांनी तुकतुकीत चेहऱ्याने विचारलं, "शेरा काय मारायचा?"

बाईंना ओरडायचं होतं, सगळ्या टोमण्यांचा हिशेब मागायचा होता. पण नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांना जे हसू फुटलं ते काही आवरेना. सासूबाईही हसायला लागल्या, बाबाही, आणि कारण न कळताच सर्व्हिसवालाही.

हसून झाल्यावर बाईंनी डोळे पुसले, डबी पर्समध्ये टाकली आणि चावी बोटात फिरवली. "चला. गाडी मी चालवते."

घरी जाताना त्यांनी मुद्दाम लांबचा रस्ता घेतला आणि वाटेतला एकही स्पीडब्रेकर चुकवला नाही. मागून कसलाच आवाज आला नाही. शेजारच्या सीटवरूनही नाही.