रविवार पाळण्याबाबत

सॉल्टर्स एंड या आमच्या वसाहतीत १६८१ सालच्या सप्टेंबरातला एक रविवार अकरा आठवडे चालला. मी गावसभेचा कारकून असल्यामुळे ही हकिगत लिहिणं माझं काम आहे. ती तेव्हाच का लिहिली नाही, असं पुढे काहींनी विचारलं. रविवारी लेखणी उचलायला आमच्याकडे मनाई आहे, हे त्यांना माहीत असायला हवं होतं.

आमचा रविवार शनिवारी सूर्य मावळला की सुरू होतो आणि दुसऱ्या संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले की संपतो. तिथून पुढे सोमवार. तारे मोजायचं काम कारकुनाचं. त्या दिवशी दुपारच्या प्रवचनात आमचे पाद्रीबुवा, रेव्हरंड एलिफलेट पिम, फार चिडले होते. लोक प्रार्थनाघरात बसून खळ्याचा विचार करतात, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. शेवटी त्यांनी दोन्ही हात वर करून मागणं मागितलं, "हे प्रभो, या गावातला एकूण एक जीव रविवार नीट पाळेपर्यंत हा दिवस मावळू नये." आम्ही सवयीने आमेन म्हणून टाकलं.

बाहेर आलो तर सूर्य प्रार्थनाघराचे कारभारी, डीकन ओबादाया थर्स्टन, यांच्या कोठाराच्या छपरावर वीतभर उंच होता. वाळूचं घड्याळ तीनदा उलटून झालं तरी तो तिथेच. पण याबद्दल आधी बोलणार कोण? रविवारी हवापाण्याच्या गप्पा मारणं हाही गुन्हाच. त्यामुळे पहिले दोन दिवस गावात कुणाच्या काही लक्षातच आलं नाही. दिवस हा शब्द मी लिटल हार्टनच्या मापाने वापरतोय. ते गाव ओढ्याच्या पलीकडे आहे आणि तिथे सूर्य रोज उगवत होता, रोज मावळत होता.

शनिवारी शिजवून ठेवलेला घेवडा दोन दिवसांत संपला. रविवारी फक्त गरजेची आणि दयेची कामं चालतात. मग चूल पेटवणं गरजेत बसतं की चैनीत, यावर पाद्रीबुवांनी बराच विचार केला आणि कोमट खायची परवानगी दिली. गाईंचं दूध काढणं दयेत बसलं. मक्याची कापणी कशातच बसेना, म्हणून कणसं शेतात तशीच उभी राहिली. भोपळे एकाच बाजूने पिकले. गावसभा बोलावून काही ठरवावं, तर गावसभा रविवारी भरत नाही.

रविवारची दोन प्रवचनं मात्र चुकवता येत नाहीत. पाद्रीबुवा बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकापासून सुरू झाले आणि यिर्मयापर्यंत पोचले. प्रार्थनाघरात डुलक्या घेणाऱ्यांना उठवायला आमच्याकडे एक काठी असते. तिच्या एका टोकाला कोल्ह्याची शेपटी, ती बायकांच्या गालावर फिरवायची. दुसऱ्या टोकाला लाकडी गाठ, ती पुरुषांच्या टाळक्यात. पाचव्या आठवड्यात त्या शेपटीचे केस झडले. गाठ अजून शाबूत आहे.

या सगळ्यात खरा जीव टांगणीला लागला होता तो एकीचाच. डीकन थर्स्टन यांच्या घरी सायलेन्स ड्रू नावाची बांधील मोलकरीण होती. सायलेन्स म्हणजे मौन. आईबापांनी नाव ठेवताना आशा धरली असावी. जहाजाच्या भाड्यापायी सात वर्षं राबायचं, असा तिचा करार होता. असा करार एका कागदावर दोनदा लिहून मधोमध दातेरी फाडतात. अर्धा धन्याकडे, अर्धा नोकराकडे. मुदत भरली की कारकुनासमोर दोन्ही अर्धे जोडायचे, दात्यात दाता बसला की माणूस सुटला. सायलेन्सची मुदत त्या रविवारनंतरच्या सोमवारी भरत होती.

तिची धाकटी बहीण मर्सी लिटल हार्टनला दिलेली होती आणि तिला सहावा महिना होता. त्यांची आई मर्सीच्याच वेळी बाळंतपणात गेली. बहिणीच्या खेपेला आपण उशाशी असायचं, हे सायलेन्सने सात वर्षं मनाशी घोकलेलं होतं. मला ते ठाऊक होतं, कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं.

सहाव्या आठवड्यात ती डीकनसमोर जाऊन उभी राहिली. मी तिथेच बाकावर बसून काहीही न करण्याचं काम करत होतो.

"धनी, माझी सात वर्षं भरली."

"सोमवारी भरतात," डीकन म्हणाले. "सोमवार येऊ दे."

"पलीकडे सहा सोमवार होऊन गेले."

"पलीकडचे सोमवार पलीकडच्यांचे. तुझ्या करारावर सॉल्टर्स एंड लिहिलंय."

"मग मी नुसती ओढा ओलांडून बहिणीला बघून येते."

"रविवारी प्रवास? आणि मुदत भरायच्या आत गेलीस तर पळून गेलीस असं धरतात. मग मुदत दुप्पट. कारकून, बरोबर ना?"

मी बरोबर म्हणालो. बरोबरच होतं ते. मला माझी लाज वाटली, पण कायद्यात लाजेला रकाना नाही.

इकडे पाद्रीबुवांना वाटू लागलं की गावातला कुणीतरी एक जीव अजून रविवार नीट पाळत नाही, म्हणून घोडं अडलंय. शोध सुरू झाला. एकेकाने उभं राहून कबुली दिली. कुणी मनात सुगीचा अंदाज केला होता, कुणी बायकोचं चुंबन घेतलं होतं. मी हंसाच्या पिसाची नवी लेखणी कशी तासावी याचा विचार केला होता. मग आम्ही सगळ्यांनी कडकपणा वाढवला. हसणं बंद, शीळ बंद, मुलांचं पळणं बंद, कुत्र्यांना घरात कोंडलं. दहाव्या आठवड्यात गाव इतकं शांत झालं की माशीचा आवाज यायचा. आणि सूर्य कोठाराच्या छपरापासून आणखी दोन बोटं वर चढला.

ते पहिल्यांदा सायलेन्सच्या लक्षात आलं. प्रार्थनाघराच्या दारात तिने पाद्रीबुवांना गाठलं.

"पाद्रीबुवा, आपण चुकतोय. जनावर पाळलं की ते जातं का कुठे? जितकं जास्त पाळावं तितकं दारात ठाण मांडून बसतं. तुम्ही रविवार पाळलाय. तो कशाला जाईल?"

"पाळणं या शब्दाचा तो अर्थ नव्हे, मुली."

"तुमचा नसेल. त्याचा असेल," ती म्हणाली आणि सूर्याकडे हात केला.

पाद्रीबुवांनी तिला यिर्मयाचा नववा अध्याय पाठ करायला सांगितला.

अकराव्या आठवड्याच्या शेवटी मर्सीचा नवरा पलीकडच्या काठावर येऊन ओरडू लागला. त्यांच्याकडे डिसेंबर होता, तो गुडघाभर बर्फात उभा होता आणि आम्ही उन्हात. कळा सकाळीच सुरू झाल्या, महिने भरले नव्हते, मूल पायाळू आहे, सुईण घाबरली आहे, मर्सी सारखी बहिणीचं नाव घेते आहे, असं त्याने तीनदा सांगितलं. सायलेन्सने ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ही ओढ्यात उडी घेणार आणि पुढची सात वर्षं पुन्हा घालवणार. ती वळली आणि डीकनच्या अंगणात गेली.

तिने मोठा हंडा चुलीवर चढवला. घरातले सगळे सदरे बाहेर आणले आणि धोपटण्याने बडवायला सुरुवात केली. तो आवाज इतक्या दिवसांनी ऐकला की गाव धावत आलं. आमच्याकडे धुण्याचा वार सोमवार. सोमवारखेरीज कुणी धुणं काढलेलं मी जन्मात पाहिलं नाही.

"रविवारी धुणं?" डीकन किंचाळले.

"धुणं सोमवारी असतं, धनी. मी सोमवारचं काम करतेय."

"अगं, सोमवार आलेला नाही!"

"त्याला कुणी बोलावलंच नव्हतं," ती म्हणाली आणि पहिला सदरा कुंपणावर टाकला.

सूर्य छपराला टेकला. दुसऱ्या सदऱ्याला अर्धा झाला. तिसरा सदरा डीकनचा प्रार्थनेला घालायचा होता; तो कुंपणावर पडला आणि अंगणात सावली झाली. कुणी आनंदाने ओरडलं नाही, कारण तारे मोजायचे राहिले होते.

"मला दोनच दिसतात," डीकन म्हणाले.

"तिसरा मेपलच्या शेंड्यावर आहे," मी म्हणालो.

"तो मला दिसत नाही."

"मला तीन दिसतात," पाद्रीबुवा बसलेल्या घशाने म्हणाले. "चौथाही दिसतोय. बास झालं, ओबादाया."

डीकन थर्स्टन मात्र हार मानणारे नव्हते. हिने अकरा आठवडे काडीचं काम केलेलं नाही, ते भरून द्यायला हवेत, असं त्यांनी मांडलं. मी करार पाहिला. करारात सात वर्षांची मुदत दिवसांत मोजून लिहिली होती, आणि झाला होता एकच दिवस. तो रविवार असल्याने त्या दिवशी काम करायचंच नव्हतं. मग मी दोन्ही अर्धे मेजावर जोडले. दात्यात दाता बसला. करारात कबूल केलेला लोकरी कोट डीकनच्या बायकोने न मागता आणून दिला.

"पण धुणं काढलं तेव्हा रविवारच होता," पाद्रीबुवा म्हणाले. "पुढच्या रविवारी येऊन सर्वांसमोर पश्चात्ताप व्यक्त करावा लागेल."

पुढचा रविवार हे शब्द ऐकून सगळ्यांच्या अंगावर काटा आला. सायलेन्स येते म्हणाली आणि पळतच निघाली. ती सप्टेंबरातून डिसेंबरात गेलेली मी पाहिली. रविवार बरोबर अकरा आठवड्यांचा झाल्यामुळे दोन्ही गावांचे वार जुळले, महिने जुळले नाहीत. आम्ही अजूनही अकरा आठवडे मागेच आहोत.

पुढच्या रविवारी ती शब्दाप्रमाणे आली आणि प्रार्थनाघरात उभी राहिली. मर्सी जगली, मुलगी झाली, असं तिने आधी सांगून टाकलं.

"तू रविवार मोडलास," पाद्रीबुवा म्हणाले. "तुला पश्चात्ताप होतो का?"

सगळं गाव खिडकीकडे बघत होतं. ती हो म्हणाली असती तर गावातल्या एकूण एक जीवाने रविवार पाळला असता, आणि पाळलेला रविवार जात नाही हे आता सगळ्यांना कळलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "जराही नाही."

सूर्य वेळेवर मावळला. पाद्रीबुवांनी कबुली अपुरी ठरवली आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर राहायला सांगितलं. ती आली. त्याच्या पुढच्या रविवारीही आली. या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. पाद्रीबुवा दर वेळी विचारतात, ती दर वेळी नाही म्हणते. तिने लिटल हार्टनला घर केलंय, पण एकही रविवार चुकवलेला नाही. असं आमच्यासाठी कशाला करतेस, हे मी तिला कधी विचारलं नाही. भीती वाटते.

गेल्या हिवाळ्यात ती तापाने फणफणली होती. शनिवारी दुपारीच डीकन थर्स्टन, वय वर्षं एकाहत्तर, ओढ्यापलीकडे गेले आणि तिला पाठीवर घेऊन आले. रात्री तिला स्वतःच्या पलंगावर झोपवलं आणि आपण बाकावर बसून राहिले. रविवारी दोघांनी धरून तिला उभं केलं. पाद्रीबुवांनी प्रश्न विचारला. तिचे ओठ हलले, आवाज फुटेना. सगळं गाव पुन्हा खिडकीकडे बघू लागलं.

डीकन तिच्या कानाशी वाकले. "नाही म्हण, पोरी," ते म्हणाले. "म्हण, अजिबात नाही."

तिने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ती नाही म्हणाली, आणि आम्ही टोप्या घालून घरी गेलो.